स्वतःचाच शाफ्ट १६,८०० रुपयांना विकत घेतला

२१,६५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी सांगायला मला आठ दिवस लागले.

गाडी १९९८ ची जिप्सी. बारा वर्षं माझ्याकडे आहे, ग्रीसगन मी स्वतः मारतो. तेव्हा 'गाडीतलं कळत नाही त्यांचंच असं होतं' हे कृपया मला ऐकवू नका. क्लच सोडला की मागून 'टक्क' यायचं आणि साठच्या वर गेलं की सीटखाली थरथर. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब फिरता पाईप) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा वळता सांधा, गेलाय हे मला माहीत होतं. क्रॉसच्या टोपणांच्या, म्हणजे कपांच्या, कडेला तांबडी पूड दिसत होती, म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडलेल्या. दोन क्रॉस बदलले की काम झालं. पण सोमवारी पहाटे गाडी लागणार होती, नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला, आणि शनिवारी दुपारी मी एका नव्या गॅरेजात शिरलो. सोमवारचं प्रकरण गप्पांच्या ओघात सांगूनही बसलो. घाई आहे हे गॅरेजवाल्याला कधीही सांगू नका.

त्यानं शाफ्ट उतरवला आणि फरशीवर गडगडवून दाखवला. "पाईप वाकलाय साहेब. नुसते क्रॉस टाकले तर ट्रान्स्फर केसचं बेअरिंग खाईल." (ट्रान्स्फर केस म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी.) दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट लोंबताहेत ती वस्तू फरशीवर सरळ गडगडेल कशी? वाक बघायचा तर शाफ्ट टोकांना आधार देऊन फिरवायचा आणि डायल गेज (बारीकसा वाक मोजणारं माप) लावायचं. हे मला आठवलं रात्री, अंथरुणात. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, त्यामुळे शाफ्ट तीन: मधला आखूड, पुढचा आणि मागचा. "तिन्ही बघून घेऊ का?" असंही त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. त्या दिवशीची माझी हुशारी तेवढीच.

हिशोब असा: 'नवा ओरिजनल' शाफ्ट १६,८००, बॅलन्सिंग २,४००, मजुरी १,५००, गिअर ऑइल ९५०. आगाऊ १०,००० मोबाइलवरून दिले, उरलेले ११,६५० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल. मी गप्प बसलो. हो, तिथं माझाही लोभ होता.

आता तो क्षण. संध्याकाळी गेलो तेव्हा शाफ्ट बाकावर ठेवलेला, काळाकुळकुळीत. हात लावला तर बोट काळं झालं. ग्रीसच्या निपलवरसुद्धा रंग. निपलवर! नव्या मालाच्या निपलचं तोंड रंगानं बुजलेलं असतं का? खोकं कुठंय, पार्ट नंबरचं स्टिकर कुठंय, काही विचारलं नाही. बोट पॅंटला पुसलं आणि मनात म्हणालो, ताजा माल दिसतोय. जुना शाफ्ट मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला." शनिवारी, दोन तासांत, नेमका माझाच शाफ्ट उचलायला भंगारवाला येतो! खोटं आहे हे तेव्हाही जाणवलं होतं. पण वाद घालायला नको वाटलं, माणूस चहा पाजत होता.

३४० किलोमीटरनंतर थरथर परत आली, आधीपेक्षा जास्त. माझा मेकॅनिक तोवर परतला होता. त्यानं मागचा शाफ्ट काढला, फोर-व्हीलमध्ये (ताकद चारही चाकांना) टाकून गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालवली, तर थरथर गायब. (हे घरी करणार असाल तर चाकांना दगड लावा. मागचा शाफ्ट काढल्यावर टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) असलेली गाडी गिअरवर उभी राहत नाही.) मग त्यानं फ्लॅंजवरचा, म्हणजे शाफ्ट बोल्टनं जोडायच्या चकतीवरचा, रंग खरवडला. खाली पंचाचे दोन ठिपके. ते मीच मारलेले, तीन वर्षांपूर्वी, परत बसवताना फ्लॅंज जागच्या जागी जुळावी म्हणून. म्हणजे माझाच शाफ्ट मी १६,८०० ला विकत घेतला होता. त्यात क्रॉस एकच बदललेला, आणि स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकवायचा खाचांचा जोड) जोडताना दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत ठेवलेले नाहीत. ते हलले की शाफ्ट थरथरणारच, मग बॅलन्सिंगचे २,४०० दिले असोत वा नसोत. पाईप अर्थातच सरळ होता.

शाफ्ट उतरवण्याआधी खुणेचा फोटो काढा. तुमची खूण, तुमचा फोटो.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी विचारलं, "शाफ्ट म्हणजे काय?" समजावलं. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, परत शाफ्ट म्हणजे काय. तिसऱ्यांदा कागदावर चित्र काढून नेलं, तेव्हा उत्तर मिळालं, ही दिवाणी बाब आहे. अहो, माझी वस्तू रंगवून मलाच विकली, यात दिवाणी काय? बरं, तसं लेखी द्या म्हटलं तर तेही नाही. वाहन खात्याच्या खिडकीवर कळलं की गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणखी एका टेबलावर "बिल नाही? मग कसं होणार?" असं म्हणून साहेब जेवायला गेले, ते मी असेपर्यंत परतले नाहीत. तीन रजा गेल्या. दहा हजार ज्या खात्यात गेले ते नाव गॅरेजच्या पाटीवरच्या नावाशी जुळत नाही, हे एकालाही विचित्र वाटलं नाही. पैसे पाठवताना समोर येणारं नाव वाचत जा, मी वाचलं नव्हतं.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. मीच शोधून काढलं. तक्रार टाकली आहे. सोबत मोबाइलवरच्या पैशांची नोंद, ठिपक्यांचे फोटो आणि माझ्या मेकॅनिकचं लेखी म्हणणं.

त्यानं दोन्ही क्रॉस बदलले, योक रेषेत घेतले, ठिपके जुळवले. १,९०० रुपये, बिलासकट, आणि काढलेले क्रॉस पिशवीत घालून हातात दिले. ऐंशीला गाडी शांत आहे.

कुणाला तक्रारीचा मसुदा हवा असेल तर देतो. 'तू एवढा कसा फसलास' हे सोडून काहीही विचारा.