ऑडिशनचे भाग, पेटीवाल्या बाईच्या कानाने

गाण्याच्या स्पर्धांबद्दल लिहायचं तर आधीच सांगते, माझी शिफारस फक्त सुरुवातीच्या आठवड्यांपुरती आहे. ऑडिशन संपल्या, झगमगता मंच आला, सिनेमाच्या जाहिरातीसाठी पाहुणे येऊ लागले, की मी टीव्हीसमोरून उठते. पण ऑडिशनचे भाग मी भाकऱ्या आधी उरकून घेऊन बघते. सोनीवरचं इंडियन आयडॉल, सोनी मराठीवर २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं त्याचं मराठी पर्व, झी मराठीचं सा रे ग म प, या सगळ्यांत बघण्यासारखं, खरं तर ऐकण्यासारखं जे आहे ते तिथंच आहे.

मी पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करते. आबांनी हा धंदा कोल्हापुरात चालवला, तो आता मी चालवते. भाता फाटला, सूर अडकला, पत्ती बेसूर झाली, की लोक पेटी घेऊन येतात. पेटीत हवेनं थरथरून सूर देते ती पितळेची पत्ती टोकाकडं घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि हे काम केसाच्या अंतरानं करायचं असतं. पेटीचं झाकण, रंग, कोरीवकाम कितीही देखणं असू दे, मी आधी पत्ती बाहेर काढून फुंकून बघते. ऑडिशनमध्ये गळ्याचं तसंच होतं. वाद्यवृंद नाही, कोरस नाही, मागं दिव्यांचा खेळ नाही. नंतरच्या फेऱ्यांत सगळं असतं आणि रेकॉर्डिंगमध्ये सूर सरळ करायची सोयही आता सगळ्यांकडं आहे. म्हणून मला उघडा गळा ऐकायचा असतो.

ऑडिशनमधली सगळ्यांत मोठी परीक्षा पट्टीची, म्हणजे आपला सा किती उंचीवर धरायचा त्याची असते आणि ती परीक्षकांनी घेतलेली नसते. पोरगा खोलीत येतो, नमस्कार करतो, नाव-गाव सांगतो आणि एकदम गायला लागतो. पूर्वीच्या पर्वांत तर साथीला काहीच नसायचं, अलीकडं बाजूला वादक बसलेले दिसतात. घाबरलेला माणूस हमखास चढी पट्टी धरतो. मुखडा निघून जातो, कारण मुखडा बहुतेक मधल्या सप्तकात असतो. अंतऱ्यात वर जायची वेळ आली की मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज पातळ होतो. टीव्हीखाली मी एक जुनी साडेतीन सप्तकांची पेटी ठेवली आहे. पहिली ओळ झाली की हलका भाता देऊन त्याचा सा शोधते. पेटीची पहिली काळी पट्टी, म्हणजे काळी एक असेल, काळी दोन असेल. गाणं थांबलं की पुन्हा तोच सा वाजवते. साथीशिवाय गाणारे बरेच जण शेवटापर्यंत थोडे उतरलेले असतात. जो जिथून निघाला तिथंच परत आला, त्याचं नाव मी वहीत लिहून ठेवते.

आता माझी आवडती माणसं. पहिला पवनदीप राजन. उत्तराखंडातल्या चंपावतचा, कुमाऊनी लोकगीतं गाणाऱ्या घरातला. २०२१ च्या १५ ऑगस्टला बारा तास चाललेल्या महाअंतिम सोहळ्यात इंडियन आयडॉलचं बारावं पर्व जिंकल्यामुळं तो सगळ्यांना माहीत झाला. माझ्या वहीत तो त्याआधीच होता, कारण अँड टीव्हीवर २०१५ साली आलेल्या द व्हॉइस इंडियाच्या पहिल्या पर्वाचाही तो विजेता. त्या कार्यक्रमाची रीत मूळची नेदरलँड्सची, २०१० सालची. परीक्षक गाणाऱ्याकडं पाठ करून बसतात आणि आवाज पटला तरच खुर्ची फिरवतात. समोरचा उंच आहे की बुटका, काळा की गोरा, अंगावर काय घातलंय, काही कळत नाही. त्या पाठमोऱ्या खुर्च्यांसमोर पवनदीप निवडला गेला आणि परीक्षकांपैकी गायक शानच्या चमूत गेला. म्हणजे एकदा न बघता आणि एकदा बघून, दोन्ही वेळा तोच माणूस कसाला उतरला. मला त्याचं आवडतं ते हे की तो आवाज पुढं ढकलत नाही. तबला, ढोलक, गिटार, कीबोर्ड असं बरंच काही त्याला वाजवता येतं आणि वाजवणाऱ्याचा गळा मला लगेच ओळखू येतो. तो लयीच्या मागं धावत नाही, लय त्याच्या अंगात असते. मुरकी, म्हणजे सुरांची झटक्यात घेतलेली छोटी गिरकी, घ्यायची जागा आली तरी न घेता सोडून देण्याचं धाडस त्याच्याकडं आहे. ऑडिशनला आलेली नव्वद टक्के पोरं अशी जागा कधी सोडणार नाहीत.

सनी हिंदुस्तानीबद्दल घरात वाद होतो. पंजाबातल्या भटिंड्याचा हा पोरगा बूटपॉलिश करत होता. नुसरत फतेह अली खानांची गाणी ऐकून ऐकून शिकला आणि २०२० च्या फेब्रुवारीत इंडियन आयडॉलचं अकरावं पर्व जिंकला. माझ्या जाऊबाई म्हणतात, ‘त्याची आई दिसली न्हवं, मी तर रडायलाच लागलो बघ.’ मला त्यांच्या रडण्याबद्दल काही म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की आई दाखवली नसती तरी तो गळा तेवढाच मोठा होता. कुणी न शिकवता वरच्या सप्तकात जाऊन तिथं आरामात राहणं, ही गोष्ट मी फार थोड्या गळ्यांत ऐकली आहे. वर जाणारे खूप असतात, वर राहता येणारे कमी.

त्याच पर्वात दुसरा आला तो आपला लातूरचा रोहित राऊत आणि त्याच्यासाठी हे ऑडिशनचे भाग पुन्हा काढून बघा, असं मी कुणालाही सांगेन. याला आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं. २००८-०९ च्या लिटिल चॅम्प्समध्ये, म्हणजे झी मराठीच्या सा रे ग म पच्या लहान मुलांच्या पर्वात, सूत्रसंचालक पल्लवी जोशी त्याला रॉकस्टार म्हणायच्या. त्यानंतर आवाज फुटला असणार. मुलग्यांच्या बाबतीत हा काळ फार वाईट असतो. जी पट्टी अंगवळणी पडलेली ती एकाएकी हातातून जाते, वरचे सूर सापडत नाहीत, खालचे अजून तयार नसतात. कित्येक गुणी पोरांचं गाणं त्या दोन-तीन वर्षांत संपतं. आमच्या दुकानात पेटी घेऊन येणारे बापच सांगतात, पोरानं क्लास सोडला, पेटी विकून टाका म्हणून. रोहित त्यातून निघून, सगळी ओळख असताना, पुन्हा नवख्यांच्या रांगेत उभा राहिला. हरला असता तर लहानपणीचं नावही जाण्याची भीती होती. हरयाणातल्या मेवातचा सलमान अली तसाच. हिंदी लिटिल चॅम्प्समध्ये लहानपणी २०११ साली पोचलेला, मोठेपणी पुन्हा रांगेत लागून २०१८ साली इंडियन आयडॉल झाला. फुटलेला आवाज पुन्हा बांधून आणणाऱ्यांना माझ्या वहीत वेगळं पान आहे.

मराठी पर्वातला विजेता पनवेलचा सागर म्हात्रे. अजय-अतुल समोर परीक्षक म्हणून बसलेले असताना नव्या माणसानं शांतपणे गाणं हेच मोठं. मराठी पर्वात मला शब्द नीट ऐकू आले, हिंदीत ते पुष्कळदा सुरात बुडतात.

पण खरं विचाराल तर माझ्या वहीचं पहिलं पान अजून त्या मराठी लिटिल चॅम्प्सच्या पाच लेकरांचंच आहे. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. गुणांऐवजी सूर द्यायचे, ध, नि, आणि फारच जमलं तर वरचा सा. कोल्हापुरात त्या वेळी पोरं अंगणातही एकमेकांना ‘वरचा सा’ देत होती. मुग्धा इतकी लहान की माइक तिच्या तोंडापेक्षा मोठा वाटायचा. प्रथमेश कोकणातून आलेला, नाट्यगीत आणि अभंग घेऊन. आळंदीची कार्तिकी २००९ च्या फेब्रुवारीत महाविजेती झाली तेव्हा पुष्कळांना वाटलं, आर्या जिंकायला हवी होती. आमच्या गल्लीतही दोन तट होते. मी कार्तिकीकडची. तिला वडिलांनी, कल्याणजी गायकवाडांनी शिकवलेलं आणि तो गळा वारकऱ्यांसारखा मोकळा. टाळ-मृदंगाच्या वर ऐकू यायला हवा असा. असा गळा लहान मुलीच्या अंगात बघून मी बसल्या जागी ताठ झाले होते.

आर्यावरही माझा जीव आहे आणि त्याचं कारण कोल्हापूरचं आहे. तिच्या आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याच्या गायिका आणि त्याच तिच्या गुरू. हे घराणं ज्यांनी घडवलं ते अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. १९२२ ला महाराज गेले तोवर ते इथंच होते. त्यांच्या तालमीची वळणं इथल्या कानांनी पिढ्यानपिढ्या ऐकली आहेत. आर्या सूर लावायची तेव्हा तो हळूच न ठेवता गोलसर, भरलेला ठेवायची, आणि आबा खुर्चीतून म्हणायचे, ‘हिला घरातच मिळालंय.’ आबांनी मला ऐकायला शिकवलं ते केशवराव भोसले नाट्यगृहात, मागच्या रांगेत बसवून. शेवटचं अक्षर इथवर पोचतंय का बघ, म्हणायचे. महाराजांनी १९१५ ला बांधलेलं ते नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री जळालं. आता टीव्हीवर ऐकतानाही मी शेवटच्या अक्षरावरच कान लावते. ऑडिशनमध्ये पोरं ओळीची सुरुवात जिवापाड करतात आणि शेवट गिळतात. कार्तिकी आणि प्रथमेश गिळत नव्हते.

आता जे पटत नाही ते. चार मिनिटांच्या ऑडिशनमध्ये गाणं चाळीस-पन्नास सेकंद आणि उरलेल्या वेळात घरची गरिबी, वडिलांचं आजारपण, मागं सारंगी. दुःख खरंच असतं, पण गाणाऱ्याला त्याच्या दुःखावर निवडलंय असं बघणाऱ्याला वाटू लागतं, आणि तो अपमान गाणाऱ्याचाच होतो. सुरुवातीच्या वर्षांत बेसूर गाणाऱ्यांची टिंगल दाखवायची पद्धत होती, ती अजून पूर्ण गेलेली नाही. त्यावर मी चिडते. कुणीतरी पहाटेच्या एसटीनं येऊन उन्हात रांगेत उभा राहतो आणि सगळ्या देशानं त्याला हसायचं? बेसूर माणसाला शांतपणे सांगता येतं. मी रोज बेसूर पेट्या हाताळते, एकीवरही हसत नाही.

शिवाय टीव्हीवर जी रांग दिसते ती पुरी नसते. मोठ्या परीक्षकांसमोर जायच्या आधी कार्यक्रमाचीच माणसं एक-दोन चाळण्या लावतात. माझ्याकडं पेटीवर रियाज करायला येणारी कागल तालुक्यातली एक मुलगी अशाच पहिल्या चाळणीला गेली होती. टेबलामागच्या माणसानं ध्रुवपदही पुरं होऊ दिलं नाही, मोबाईलवरून मान वर न करता ‘नेक्स्ट’ म्हणाला. ती आठवडाभर आलीच नाही. तिच्या आईला मी सांगितलं, ‘वहिनी, तिला पाठवा, ती नापास झालेली नाही, तिला ऐकलंच नाही.’ अरिजित सिंग २००५ च्या फेम गुरुकुल या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला होता, हेही त्यांना सांगितलं. तेव्हा एसएमएसवर कौल ठरायचा. आज त्याचा गळा घराघरांत आहे.

बघायचं असेल तर सोनीचे भाग सोनीलिव्हवर आणि झीचे झी५ वर बघा. जुन्या लिटिल चॅम्प्सचे तुकडे यूट्यूबवर सापडतात. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खर्ज, म्हणजे खालचे सूर, मरतो आणि सगळे गळे सारखे वाटतात. साधे हेडफोन चालतील. तुकड्यांपेक्षा पूर्ण भाग बरा, कारण परीक्षक ‘हेच जरा खालच्या पट्टीत म्हणून दाखव’ किंवा ‘दुसरं काही गा’ म्हणतात तो भाग तुकड्यांत बहुतेक कापलेला असतो. मी सगळ्यांत जास्त त्याचीच वाट बघते. पाठ केलेलं गाणं सगळे गातात, अचानक पट्टी बदलली की कळतं कोण किती पाण्यात आहे.

कागलची ती मुलगी परत यायला लागली आहे. घरी पांढरी पाचला गाणारी पोरगी तिथं भीतीनं काळी पाचला, म्हणजे बऱ्याच चढ्या पट्टीला, लागली होती, असं तिनंच वाजवून दाखवलं. आता मी तिला धावायला लावते, अंगणात दोन चकरा, आणि धाप लागलेली असतानाच म्हणते, सा लाव. पेटीवर मग बघतो दोघी. परवा सलग तीनदा पांढऱ्या पाचवर बरोब्बर आली. पुढच्या पर्वाची ऑडिशन कोल्हापुरात असो वा पुण्यात, मी तिच्याबरोबर जाणार आहे.