रात्रीचं बिल: टोकियो, सिंगापूर, अ‍ॅमस्टरडॅम

टोकियोतल्या शिंजुकू भागात ‘गोल्डन गाय’ नावाच्या बारच्या वस्तीत सहा चिंचोळ्या गल्ल्यांत दोनशेच्या आसपास बार आहेत. बहुतेक ठिकाणी सहा-आठ माणसं बसली की जागा संपते. आम्ही दोघी मैत्रिणी एका दाराबाहेरची पाटी वाचूनच आत शिरलो: बसण्याचे माणशी १,००० येन, बिअर ८००. बसल्याबसल्या मालकीणबाईंनी हात पुसायला गरम टॉवेल दिले आणि पाठोपाठ दोन वाट्या ठेवल्या. सोया सॉसमध्ये शिजवलेल्या मुळ्याच्या जाड चकत्या, वर आल्याचा बारीक कीस. आम्ही काही मागवलंच नव्हतं. हाच तो ओतोशी, म्हणजे न मागवताच बारवाले समोर ठेवतात तो छोटा पदार्थ. बऱ्याच ठिकाणी त्याचे माणशी ३०० ते ५०० येन वेगळे लागतात आणि तो सहसा नाकारता येत नाही. इथे तो बसण्याच्या पैशांतच धरलेला होता. पुष्कळ प्रवासी याला लूट म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. सहा खुर्च्यांच्या दुकानात दोन बाया एकेक बिअर घेऊन दीड तास गप्पा मारत बसणार असतील, तर जागेचे पैसे घ्यायलाच हवेत. शिवाय टिप द्यायची नसते. दोघींचे मिळून ३,६०० येन झाले, पाटीवर होतं तेवढंच.

लूट कशाला म्हणतात ते दुसऱ्या रात्री कळलं. काबुकिचोमध्ये, म्हणजे शिंजुकूतल्याच रात्रीच्या करमणुकीच्या भागात, ग्राहक ओढणाऱ्या दलालांच्या मागे जाऊ नका, असं लाउडस्पीकरवरून सारखं सांगत असतात. तरी एका गोड बोलणाऱ्या मुलाच्या मागून आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. ३,००० येनमध्ये तासभर हवं तेवढं प्या, असं ठरलं होतं. बिल आलं २८,०००. टेबलाचे वेगळे, सेवेचे वेगळे, रात्रीचे म्हणून आणखी वेगळे, आणि यातलं एकही अक्षर मेन्यूवर नव्हतं. आम्ही हुज्जत घातली, पण दाराशी दोघे उभे होते, म्हणून पैसे भरून खाली उतरलो. तोवर शेवटची गाडी गेली होती. तिथे मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात त्या पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात, आणि टॅक्सीला रात्री दहा ते पाच वीस टक्के जादा. टोकियोत रात्रीचा हिशेब करताना परतीचं भाडंही धरा.

सिंगापूरमध्ये फसवणुकीचा अनुभव आला नाही, पण पिणं महाग. मेन्यूवरच्या किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर नऊ टक्के कर लागतो, म्हणजे २० डॉलरचं कॉकटेल २३.९८ ला पडतं. संध्याकाळच्या हॅपी अवरमध्येच प्यावं. रात्री साडेदहानंतर सकाळी सातपर्यंत दुकानात बाटली मिळत नाही आणि रस्त्यावर, बागेत पिणंही बंद.

अ‍ॅमस्टरडॅमने मला जिंकलं ते एका जुन्या, लाकडी भिंतींच्या ब्राउन कॅफेत. तिथे येनेव्हर, म्हणजे जिनसारखी डच दारू, ग्लासच्या काठापर्यंत, अगदी थरथरेल इतका भरतात. ग्लास उचलायचा नाही, हात मागे बांधून वाकायचं आणि पहिला घोट टेबलावरूनच ओढायचा. शेजारच्या आजोबांनी आधी करून दाखवलं, मग आम्ही केलं. टिप म्हणून वरचे सुटे सोडले तरी चालतं.

तिथून दे वालेन, म्हणजे शहरातली वेश्यावस्ती, चालत पाच मिनिटांवर. नेदरलँड्सने कुंटणखान्यांवरची बंदी २००० साली उठवली, त्यामुळे काचेमागच्या बायका कायद्याने आपलं काम करत असतात. त्या भागात रस्त्यावर दारू प्यायली तर दंड आहे, आणि मे २०२३ पासून गांजा ओढला तरी १०० युरो. पण माझ्या मते त्याहून मोठा नियम फोटो न काढण्याचा. आमच्या पुढच्या घोळक्यातल्या एकाने मोबाइल वर केला. आतल्या बाईने काचेवर दोनदा जोरात टकटक केलं, तोंड फिरवलं आणि लाल पडदा सर्रकन ओढून घेतला. मुलगा हसत पुढे गेला. तिचा धंदा मात्र तेवढा वेळ थांबला. आम्ही पूल ओलांडून मागे वळून पाहिलं, तेव्हाही तो पडदा बंदच होता.