गुहागरच्या दमट हवेत सागाच्या व्हिनियरचं किचन : दीड वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी शिमग्याच्या आठ दिवस आधी आमचं नवीन किचन उभं राहिलं. त्यानंतर दोन पावसाळे आणि दोन गणपती होऊन गेले. घर गुहागरला, समुद्रापासून तीनएकशे मीटरवर, नारळी-पोफळीच्या वाडीत. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर कौलं. "अशा हवेत व्हिनियर? दोन वर्षांत पापुद्रे सुटतील," असं तेव्हा कितीतरी जणांनी ऐकवलं होतं. आता रोजच्या वापरातून जे कळलं ते लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा कोकणातल्या घराचा अनुभव मला कुठेच सापडला नव्हता.

लॅमिनेट (सनमायका) स्वस्त आणि बिनकटकटीचं, हे मलाही मान्य आहे. पण जुन्या स्वयंपाकघरात सासऱ्यांनी करून घेतलेलं सागाचं फडताळ होतं, आणि त्या लाकडाची सवय डोळ्याला आणि हाताला होती. मग भरीव लाकूडच का नाही? त्याचं उत्तर घरातच आहे. माजघराचं फणसाचं दार आषाढात खांदा लावून ढकलावं लागतं आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं. प्लायमध्ये एक थर उभा, पुढचा आडवा असे थर असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून प्लाय तसा फुगत नाही. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप. दुकानात मिळते ती शीट पातळ प्लायवर तो काप चिकटवलेली असते, जाडी साधारण ४ मिमी. दिसायला साग आणि अंगाने प्लाय, हे मला पटलं.

निवडायला चिपळूणला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी नुसते हातभर नमुने पाहून आले, ते चुकलं. पूर्ण ८ बाय ४ फुटांची शीट उभी करून, चार पावलं मागे जाऊन बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. दुसऱ्या खेपेला मेस्त्री बरोबर आले. त्यांनी ओला फडका शीटवरून फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, पॉलिशनंतर साधारण हा रंग येणार. आत्ताच बघून घ्या." फिकट वाटणारी शीट एकदम मधासारखी दिसायला लागली, आणि शेजारची, जी मला आवडली होती, ती लालसर निघाली. उभ्या सरळ रेघांची घेतली. फुलाफुलांची रेष एका मोठ्या दारावर शोभते, पण छोट्या छोट्या शटरवर, म्हणजे कपाटांच्या दारांवर, ती तुटक दिसते. सगळ्या शीट एकाच गठ्ठ्यातल्या, लागोपाठच्या घेतल्या आणि मेस्त्रींनी खडूने मागे नंबर टाकले, म्हणजे ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषांची जुळणी सलग राहते. आम्हाला चौरस फुटाला ११० रुपये पडले. पॉलिशचा खर्च मात्र शीटच्या दुपटीहून जास्त झाला, हे आधी धरून चाला.

आता मुख्य मुद्दा. मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लाकूड पाणी पितं ते कडेकडून. तोंडाकडून नाय." दीड वर्षात या वाक्याचा शब्द न् शब्द खरा ठरला.

शटरला मधे १२ मिमी प्लाय, तो आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा. त्याची चाचणी ७२ तास उकळून करतात. बाहेरून सागाचं व्हिनियर आणि आतून तेवढ्याच जाडीचं साधं व्हिनियर. आतली बाजू कोण बघतंय म्हणून तिथे पैसे वाचवू नका. आमच्या एका नातेवाइकांकडे आतून फक्त रंग मारलेला होता, तर उंच शटर पहिल्याच श्रावणात धनुष्यासारखी वाकली. एक बाजू ओलावा घेते, दुसरी घेत नाही, मग फळी वाकणारच. चारी कडांना भरीव सागाची पट्टी ठोकून घेतली आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, तेही मिरग लागायच्या कितीतरी आधी. पावसाळी हवेत पॉलिश मारलं की ते पांढरट पडतं किंवा त्यात बारीक बुडबुडे येतात. कामाला उशीर होत असेल तर पॉलिश दिवाळीनंतर करा, पण जून ते सप्टेंबर नको.

खालच्या भागाला प्लायचे डबे केलेच नाहीत. कडाप्याच्या उभ्या फळ्या, त्यांना सागाची चौकट आणि तिला शटर. जमिनीला लाकूड कुठेच टेकत नाही, त्यामुळे वाळवीची धास्ती कमी. वरची कपाटं चिऱ्याच्या भिंतीला थेट न चिकटवता मागे पट्ट्या मारून अर्धा इंच सोडून बसवली आहेत. जांभा ओल धरतो. पहिल्या पावसाळ्यात त्या फटीत हात घालून पाहिलं, तर भिंत गारढोण आणि ओलसर, पण कपाटाची पाठ कोरडी.

दर्शनी बाजूबद्दल माझी फारशी तक्रार नाही. हळदीचा हात, कोकमाचं आगळ, फोडणीचे शिंतोडे, सगळं ओल्या फडक्याने निघतं. वेळेवर पुसलं पाहिजे इतकंच. एकदा आगळाचा ओघळ रात्रभर राहिला, तरी डाग पडला नाही. मॅट फिनिशवर हँडलभोवती तेलकट हात मात्र लगेच दिसतात. तिथे आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घालून पुसते आणि लगेच कोरडं करते. रंगाचं सांगायचं तर साग उजेडाने बदलतो. उंच कपाटाच्या दारावर कालनिर्णय लावलं होतं. वर्ष संपल्यावर काढलं तर खाली फिकट चौकोन. मला अगदी रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, फडताळावरसुद्धा देवांच्या तसबिरीची अशीच खूण होती, गेली हळूहळू." तसंच झालं. चारेक महिन्यांत चौकोन ओळखू येईनासा झाला. तरीही पहिली दोन वर्षं दारांवर काही लावू नका.

बिघडलं ते सिंकखालचं शटर. पहिल्या आषाढात त्याच्या खालच्या कडेला काळी रेघ दिसली. नंतर कोपऱ्यापासून दोन इंचांवर व्हिनियरला फुगा आला, बोटाने दाबला की टक् असा पोकळ आवाज. शटर उतरवून उलटं केलं तेव्हा कारण समजलं. पॉलिशवाल्याने तीन कडा नीट केल्या होत्या, पण खालची, जी कुणाला दिसत नाही, ती कोरडीच सोडली होती. सिंकवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथेच थांबत होतं. मेस्त्रींनी ते शटर तीन दिवस पंख्याखाली वाळवलं, मग धारदार ब्लेडने फुग्यावर लाकडाच्या रेषेच्याच दिशेने चीर दिली, इंजेक्शनच्या सिरिंजने आत वॉटरप्रूफ गम सोडला, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर फळी, आणि क्लॅम्प लावून रात्रभर ठेवलं. सकाळी चीर कुठे होती ते मला शोधावं लागलं. काळी रेघ मात्र गेली नाही. त्याच दिवशी मी आरसा घेऊन सगळ्या शटरच्या खालच्या कडा तपासल्या, तर आणखी दोन कोरड्या निघाल्या. काम ताब्यात घेताना प्रत्येक कडेवरून बोट फिरवा, खरखर लागली तर पैसे देऊ नका.

दुसरी डोकेदुखी वाफेची. गणपतीत मोदकपात्र तासन्‌तास चालू असतं आणि ती वाफ वरच्या कपाटाच्या तळाला जाऊन लागते. पहिल्या वर्षी तिथे पाण्याचे थेंब लोंबकळताना पाहिले आणि त्याच आठवड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारून घेतली. यंदा एकवीस-एकवीसचे पाच घाणे काढले, पण कडेला काहीही झालं नाही.

बिजागऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या सांगून घेतल्या होत्या आणि त्या टिकल्याही. गंज आला तो त्यांच्या स्क्रूंना, कारण ते साधे लोखंडी बसवले गेले होते. दुसऱ्या जूनमध्ये दोन स्क्रूंभोवती तांबडे ओघळ दिसले, मग सगळेच बदलले. ड्रॉवरचे साधे चॅनल खाऱ्या हवेने आठ महिन्यांतच कुरकुरायला लागले, तेही स्टीलचे घातले. हँडलवर कधी कधी तपकिरी ठिपके येतात, पण पुसले की जातात.

बुरशी फक्त वरच्या, क्वचित उघडल्या जाणाऱ्या कपाटात आली. पांढरट भुकटीसारखी होती, कोरड्या फडक्याने गेली. आता पावसाने उघडीप दिली की सगळी दारं सताड उघडी टाकते.

सिंकचं शटर दिवाळीनंतर पुन्हा उतरवायचं ठरलंय. खालची कड घासून, काळा झालेला भाग काढून नवी सागाची पट्टी बसवायची आणि पॉलिश पहिल्यापासून करायचं. पट्टीसाठी मेस्त्रींनी जुन्या फडताळाची एक फळी राखून ठेवली आहे.