केमोत विग घ्यायचा तर: खऱ्या केसांचा की सिंथेटिक?

ज्या केमोने केस जातात, तिच्यात पहिल्या डोसनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत गळती सुरू होते. विग त्याआधीच बघून ठेवावा.

खऱ्या केसांचा विग हुबेहूब दिसतो, पण महाग. शिवाय धुतला की पुन्हा सेट करा. थकलेल्या बाईने तेवढं बळ कुठून आणायचं? सिंथेटिक स्वस्त, हलका, धुतल्यावरही वळण तसंच. फक्त गॅस आणि कुकरच्या वाफेपासून जपा, तंतू आखडतात. मुंबईच्या घामात आतली जाळी मऊ, हवेशीर हवीच. टाळू हुळहुळी झालेली असते.

मी सिंथेटिकच सुचवेन, घरात सुती स्कार्फ. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील, तर तिथल्या समाजसेवा विभागात मदतीबद्दल निःसंकोच विचारा. विक्रेता आरशासमोर घाई करत असेल, तर सरळ दुसरं दुकान गाठा.