टाइमशेअर की दरवर्षी हॉटेल? चार लाखांआधी मेंटेनन्सचा हिशोब मांडा

सोलापुरात पेट्रोल पंपावर, कपड्यांच्या शोरूममध्ये, कुठल्याशा प्रदर्शनात कूपन भरून घेतात. थोड्या दिवसांनी फोन येतो: तुमचा नंबर लागलाय, जोडीनं या, भेटवस्तू घेऊन जा. मग एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये दोन-तीन तास जातात. समुद्रकिनाऱ्यांचे, धुक्यातल्या डोंगरांचे व्हिडिओ होतात आणि शेवटी कागदावर आकडा लिहिला जातो. हा टाइमशेअरचा, म्हणजे आधी पैसे भरून कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहायच्या मेंबरशिपचा आकडा: समजा चार लाख रुपये, पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री. कंपनीनुसार, खोलीनुसार, सीझननुसार हा आकडा बदलतो. पण घरी परतताना नवरा-बायकोत बोलणं होतं ते याच आकड्यावर. परवडेल का, हप्ते किती बसतील, थोडं कमी करतील का.

माझ्या मते बोलणं व्हायला हवं ते दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे वार्षिक शुल्कावर. कोणी त्याला एएसएफ (ॲन्युअल सबस्क्रिप्शन फी) म्हणतं, करारात आणखी वेगळं नाव असतं, बोलताना सगळे मेंटेनन्सच म्हणतात. चार लाख एकदाच जातात. मेंटेनन्स पंचवीस वेळा जातो, दर वेळी वाढून जातो, आणि त्या वर्षी तुम्ही कुठेही गेला नाहीत तरी जातो. सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे बहुतेक घरांत यावरच ठरतं.

आधी विकत काय मिळतं ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक योजनांमध्ये मिळतो तो फक्त वापराचा हक्क. खरेदीखत नाही, उताऱ्यावर नाव नाही. मुदत संपली की हक्क संपला. भारतात हा धंदा जुना आहे. स्टर्लिंग १९८६ पासून आणि क्लब महिंद्रा १९९६ पासून यात आहे, त्यामुळे प्रकारच बोगस आहे असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. समाधानी मेंबर मलाही माहीत आहेत. पण हॉलमधला माणूस ‘ही तुमची प्रॉपर्टी’ म्हणायला लागला, की हे वाक्य करारात कुठं लिहिलंय ते त्याला दाखवायला सांगा.

आता हिशोब. एका बाजूला मेंबरशिप, दुसऱ्या बाजूला तेच पैसे बँकेत ठेवून दरवर्षी मनाजोगत्या हॉटेलात राहणं. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या कागदावरचे आकडे त्यांच्या जागी घाला.

मेंटेनन्स १८,००० रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे भरायचे २१,२४०. हॉलमध्ये आकडा सांगतात तो बहुधा जीएसटीशिवायचा, हे लक्षात ठेवा. दरवर्षी सहा टक्के वाढ धरली तर दहाव्या वर्षी हेच बिल सुमारे ३५,९०० होतं आणि पंचविसाव्या वर्षी ८६,०००. पंचवीस वर्षांची बेरीज साधारण ११ लाख ६५ हजार. म्हणजे ज्या चार लाखांवर घरात रात्रभर खल चालतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम ज्यावर कोणी बोललंच नाही त्या खात्यात जाते.

चार लाखांचंही मोल धरायला हवं. साडेसहा टक्के व्याजावर ते बँकेत ठेवले आणि पंचवीस वर्षांत मुद्दल-व्याज मिळून शून्यावर आणायचे ठरवले, तर दरवर्षी सुमारे ३२,८०० रुपये काढता येतात. म्हणून मेंबरशिपचा पहिल्या वर्षाचा खरा खर्च ३२,८०० अधिक २१,२४०, म्हणजे ५४,०४०. साती रात्री वापरल्या तर रात्रीला सुमारे ७,७२० रुपये. प्रवास आणि जेवण वेगळं.

दुसऱ्या बाजूला रात्रीला ५,००० रुपयांची खोली घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झाला आहे (आधी बारा होता), म्हणजे ५,२५०. हॉटेलही दरवर्षी सहा टक्क्यांनी महागेल असं धरू आणि कराचा दर तोच ठेवू, म्हणजे दोन्ही पारड्यांना एकच माप लागेल. आता खरा प्रश्न विचारायचा: वर्षाला किती रात्री खरोखर वापराल?

| वर्षाला वापरलेल्या रात्री | पहिल्या वर्षी हॉटेल | पहिल्या वर्षी मेंबरशिप | मेंबरशिप स्वस्त कधीपासून |
|---|---|---|---|
| ७ | ३६,७५० | ५४,०४० | १४ व्या वर्षापासून |
| ६ | ३१,५०० | ५४,०४० | २१ व्या वर्षापासून |
| ५ | २६,२५० | ५४,०४० | पंचवीस वर्षांत कधीच नाही |
| ४ | २१,००० | ५४,०४० | कधीच नाही |

शेवटची ओळ पुन्हा वाचा. चारच रात्री जाणाऱ्या घराचं हॉटेलचं पूर्ण बिल २१,००० होतं आणि नुसता मेंटेनन्स २१,२४०. म्हणजे ती मेंबरशिप कोणी फुकट दिली तरी हे घर तोट्यातच राहतं.

पहिली ओळही प्रामाणिकपणे वाचायला हवी. साती रात्री, पंचवीस वर्षं, एकही वर्ष न चुकता वापरल्या तर हॉटेलची बेरीज सुमारे २० लाख १६ हजार होते आणि मेंबरशिपची सुमारे १९ लाख ८५ हजार. जवळपास बरोबरी. एफडीच्या व्याजावरचा कर धरला तर पारडं मेंबरशिपकडे आणखी थोडं झुकतं. शिवाय तुम्ही एरवीच रात्रीला ७,००० रुपयांच्या खोलीत राहणारे असाल, तर सात रात्रींच्या हिशोबाने मेंबरशिप तिसऱ्या वर्षापासूनच स्वस्त पडायला लागते. म्हणून तुलना करताना विक्रेत्याने स्क्रीनवर दाखवलेला १२,००० चा दर धरू नका. गेल्या दोन-तीन सहलींची हॉटेलची बिलं मोबाइलमध्ये असतील, ती उघडा. तुमचं घर किती रुपयांच्या खोलीत राहतं, याचं उत्तर तिथं आहे.

यापुढचं गणित सोलापूरचं आहे, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो, शाळांना सुट्टी असते, आणि सगळ्यांनाच एका वेळी थंड हवेला पळायचं असतं. म्हणजे शाळकरी मुलं असलेल्या घराला सगळ्यात महागड्या सीझनची मेंबरशिप लागते. क्लब महिंद्राच्या पद्धतीत सीझनना, जास्त मागणीपासून कमीपर्यंत, जांभळा, लाल, पांढरा, निळा असे रंग आहेत. कमी मागणीच्या रंगाची मेंबरशिप स्वस्त असते, पण तिच्यावर मे किंवा दिवाळीची खोली मागता येत नाही. शिक्षक जोडप्याने पैसे वाचवायला पांढरा रंग घेतला, तर सुट्टी एका महिन्यात आणि हक्क दुसऱ्या महिन्यात, असं होऊन बसतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदाराचं उलटं असतं. त्याला सुट्टी कॅलेंडरवर धरताच येत नाही. ऑर्डर लागली की यंत्रमाग थांबवून कुणी महाबळेश्वरला जात नाही. नात्यातल्या अशा एका घरी मी मेंबरशिपची फाइल उघडून बघितली होती. कराराच्या मागे वर्षावर्षाच्या मेंटेनन्सच्या पावत्या टाचलेल्या, रक्कम दर वर्षी थोडी चढलेली, आणि प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात वहिनींनी पेननं लिहून ठेवलेलं: ‘गोवा’, ‘नाही’, ‘नाही’, ‘कूर्ग’, ‘नाही’. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात हे खरं, पण त्याला मर्यादा असते आणि त्या टिकवायलाही मेंटेनन्स भरलेला लागतो. पैसे थकले की बुकिंग बंद आणि थकबाकीवर व्याज सुरू.

प्रवासभाडं दोन्ही बाजूंना सारखंच, असं वाटतं. तसं नसतं. हॉटेल घेणारा आधी गाव ठरवतो, मग खोली शोधतो. सोलापूरहून गाडीनं एका दिवसात जाता येईल असं ठिकाण तो निवडू शकतो. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याला एमटीडीसीचं निवास आहे, विजापूरमार्गे हंपी आहे, जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमानही सुरू झालं. मेंबरला मात्र खोली जिथं मिळेल तिथं जावं लागतं. मे महिन्यासाठी महाबळेश्वर मागितलं की ते भरलेलं, आणि यादीत उरलेलं असतं कुठल्या तरी लांबच्या डोंगरातलं. मग आधी पुणे किंवा हैदराबाद गाठा, तिथून चौघांची विमानाची तिकिटं काढा. खोली ‘फुकट’ मिळाली म्हणून पन्नास हजारांचा प्रवास करणं आपल्या खिशाला झेपतं का, हे ज्यानं त्यानं बघायचं. कित्येक महिने आधी बुकिंग करायची सवय असलेल्यांना हा त्रास बराच कमी होतो.

खोलीत किती माणसं चालतील, हेही विचारून घ्या. स्टुडिओ प्रकारात साधारण दोन मोठे आणि दोन लहान चालतात. आपल्याकडे आई-वडील बरोबर येतात, कधी बहिणीचं कुटुंबही. मग दुसरी खोली पैसे देऊन घ्यायची किंवा आपल्याच रात्री दुप्पट वेगानं संपवायच्या. घरगुती निवासात किंवा भाड्याच्या बंगल्यात आठ माणसं एका छताखाली राहतात आणि स्वयंपाकघरही मिळतं.

मेंबरशिपचं खरं बलस्थान वेगळंच आहे. रिसॉर्टचा दर्जा साधारण सारखा असतो, मुलांना खेळायला असतं, म्हाताऱ्या माणसांची सोय बघितलेली असते. अनोळखी गावात पोचल्यावर खोली फोटोसारखी निघेल का, ही धाकधूक राहत नाही. आणि पैसे भरलेत म्हणून घरातला कामसू माणूसही एकदाचा घराबाहेर पडतो. ज्या घरात असा रेटा लागतो, तिथं या गोष्टीचं मोल आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. निवृत्त, तब्येतीनं धडधाकट, जुलै-ऑगस्टमध्येही पावसात आनंदानं फिरणारं जोडपं असेल, तर स्वस्त रंगाची, कमी मुदतीची योजना त्यांना चांगली बसू शकते. पासष्टाव्या वर्षी पंचवीस वर्षांची सही मात्र करू नये.

सही करायचीच असेल तर करारात मेंटेनन्सवाढीचं कलम आधी शोधा. ते महागाई निर्देशांकाला बांधलंय, की ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल’ असं मोकळं सोडलंय? मोकळं असेल तर वरचं सहा टक्क्यांचं गणित तुमच्या हातात राहत नाही. नूतनीकरणासाठी वेगळी वर्गणी मागता येते का, न गेलेल्या वर्षी काही सवलत आहे का, मेंबर वारला तर पुढचा मेंटेनन्स वारसांच्या गळ्यात पडतो का, हे तोंडी ऐकून सोडू नका, ईमेलवर लेखी मागा. आणि मागच्या पाच वर्षांतलं मेंटेनन्सचं बिल नेमकं किती होतं ते विचारा. ज्याला विकायचंय आणि ज्याची वाढ माफक आहे, तो हा आकडा लगेच देईल.

हप्त्यांवर घेत असाल तर एक सांगून ठेवतो. ईएमआय चालू असताना मेंटेनन्सही चालूच असतो. पहिली काही वर्षं दोन्ही ओझी एकदम असतात आणि नेमक्या त्याच काळात मुलांच्या कॉलेजच्या फिया येतात.

हॉटेलची सवय एका वर्षात मोडता येते, मेंबरशिपची तशी नाही. बाहेर विकायला फारसा बाजार नाही, नावावर करून देताना शुल्क लागतं, आणि नवा घेणारा आधी मेंटेनन्सच विचारतो. ‘तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे.

युरोपीय संघात २००८ च्या निर्देशाप्रमाणे टाइमशेअर घेणाऱ्याला चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. माघारीची मुदत किती, तर करारात लिहिली असेल तितकी. हॉलमध्ये ‘ही ऑफर फक्त आजच’ म्हणतात तेव्हा उठून घरी येणं सगळ्यात बरं. सही झालीच असेल तर त्याच रात्री ते कलम काढून वाचा आणि माघार घ्यायची असल्यास मुदतीच्या आत लेखी कळवा. तक्रारीची वेळ आली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते, कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो की मुंबईत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी फी लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

निर्णय होत नसेल तर घाई करू नका. या कंपन्यांच्या बऱ्याच रिसॉर्टमध्ये मेंबर नसतानाही पैसे भरून राहता येतं. येत्या सुट्टीत दोन रात्री तसं राहून या. जेवणाचं बिल बघा, खोली बघा, नाश्त्याच्या टेबलावर शेजारी बसलेल्या मेंबरला विचारा: यंदा मेंटेनन्स किती आला, आणि हवी ती तारीख मिळाली का?