कॅज्युअल्टीतले नवे डॉक्टर : आधी पंधरा दिवस वर्ग, की थेट ड्यूटीवर शिकवायचं?

एम.डी. करणाऱ्यांना विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहेच. प्रश्न आहे एम.बी.बी.एस. होऊन नाशकातल्या मध्यम रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) रुजू होणाऱ्या पाच-सहा जणांचा. इन्चार्जसमोर दोन वाटा असतात : आधी सलग पंधरा दिवस वर्ग आणि मग ड्यूटी, किंवा पहिल्या दिवसापासून ड्यूटी आणि वर्षभर दर आठवड्याला थोडं थोडं.

आधी एकच गोष्ट तपासा. रात्री दोन वाजता तुमच्याकडे सीनियर कॅज्युअल्टीत उभा असतो, की फोनवर? फोनवर असेल तर दुसरी वाट एकटी घेऊ नका. चुकतं तेव्हा हात धरणारं कोणी नसतं.

वर्गाचा फायदा असा की सगळ्यांना एकसारखं कळतं. तोटा मोठा आहे : सीपीआरसारखं (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवायचं) हातातलं कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच ढिलं पडतं. शिवाय पंधरा दिवस मिळाले की चाळीस विषय कोंबले जातात, आणि रोज लागणारी बॅग-मास्क (पिशवी दाबून श्वास द्यायचं साधन) एका तासात उरकली जाते.

ड्यूटीवर शिकलेलं पक्कं बसतं, पण काय शिकायला मिळेल ते पेशंटच्या येण्यावर. जूनमध्ये आलेल्याला पेठ-सुरगाण्याकडचे सर्पदंश लगेच दिसतात. डिसेंबरमध्ये आलेला पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोराच राहू शकतो.

सर्पदंशाचंच बघा. विषाने रक्त गोठणं बंद झालंय का, याची साधी चाचणी आहे. 2 मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करून पाहायची. स्लाइडवर हे दोन ओळींत संपतं. प्रत्यक्षात प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली जाते, रक्त गोठत नाही, आणि गरज नसताना एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू होतं. कोणी दर पाच मिनिटांनी नळी हलवून बघतो. सगळ्यात घातक चूक वेगळीच : मण्यार चावल्यावर रक्त नीट गोठतं, दंशाची खूणही दिसत नाही, म्हणून ‘नॉर्मल’ लिहून पेशंटला घरी पाठवलं जातं. मण्यारचं विष नसांवर चालतं, म्हणून पापण्या जड झाल्यात का, हे बघायची सवय पेशंटच्या उशाशी उभं राहूनच लागते.

कीटकनाशकाच्या विषबाधेत उलट आहे. तिथे आधीचा सराव वाचवतो. अॅट्रोपिन या उताऱ्याच्या 0.6 मिग्रॅच्या 3 अॅम्प्यूल, फरक नसेल तर 5 मिनिटांनी 6, मग 12. म्हणजे दहा मिनिटांत 21 अॅम्प्यूल फोडायच्या. हे एकट्याच्या हातून होत नाही. सिस्टरसोबत डिस्टिल्ड वॉटरच्या अॅम्प्यूल घेऊन घड्याळ लावून करून बघा. आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या किंवा नाडी पळायला लागली म्हणून थांबायचं नाही. छाती मोकळी, नाडी 80 च्या वर, वरचं बीपी 80 च्या वर, तोवर डोस वाढवत राहायचा.

म्हणून आमचा कौल मिश्र आराखड्याला. सुरुवातीला पाचच दिवस, आणि त्यात थांबू न शकणारे विषय : बॅग-मास्क, सीपीआर आणि हृदयाला द्यायचा विजेचा शॉक, अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी), अपघातातला रक्तस्राव, छातीत दुखणाऱ्याचा 10 मिनिटांत ईसीजी, आणि वरचे दोन, सर्पदंश व विषबाधा. दिवसातला निम्मा वेळ सरावाच्या पुतळ्यावर हात चालवण्यात. पहिला महिना एकट्याला रात्रपाळी नाही.

पुढे दर आठवड्याला 40 मिनिटं, सकाळ-दुपारच्या पाळ्या जुळतात तेव्हा, दोनच्या सुमाराला. रात्रपाळी उतरलेल्याला वर्गात बसवू नका. तो ऐकत नाही, झोपतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. विषय हंगामाप्रमाणे लावा : मे अखेरीस सर्पदंश, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या वाढण्याआधी विषबाधा. 2027 चा सिंहस्थ समोर आहे, तेव्हा एकाच वेळी वीस जखमी आले तर कोणाला आधी बघायचं हे सांगणारी लाल, पिवळी, हिरवी चिठ्ठी कोण बांधणार याची तालीम दर तिमाहीला करा.

लॉगबुकात ‘पाहिलं’ आणि ‘स्वतः केलं’ असे दोन रकाने ठेवा. दुसऱ्यात समोर उभ्या सीनियरचीच सही चालेल. सहा महिन्यांनी जो रकाना रिकामा दिसेल, तो विषय पेशंटची वाट न बघता पुतळ्यावर घ्या.