कल्याण–डोंबिवली, वसई–विरार की पनवेल–खारघर?

मुंबईत नोकरी आणि घर मात्र मुंबईबाहेर, असा बेत असणाऱ्यांपुढे बहुधा हे तीनच पट्टे उरतात, आणि त्यांतील निवड चौरस फुटाच्या दरावरून केली जाते. माझ्या मते, कार्यालयापर्यंत गाडी किती वेळा बदलावी लागते हा प्रश्न दराच्या आधी विचारायला हवा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, तेव्हापासून लोहमार्गांचा ओढा दक्षिणेकडे, बंदर आणि फोर्टकडे राहिला. पुढे गिरण्या बंद पडल्या, वित्तसंस्था वांद्रे–कुर्ला संकुलात गेल्या आणि रोजगार अंधेरी आणि नवी मुंबईतील ऐरोली, महापे असा पांगला, तरी रूळ प्रामुख्याने उत्तर–दक्षिणच राहिले.

या उत्तर–दक्षिण रुळांना मिळणारे आडवे जोडमार्ग, हीच कल्याण–डोंबिवलीची खरी ताकद आहे. ठाण्याला उतरून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली गाठता येते आणि २०१४ पासून घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीला जाता येते, त्यामुळे पती-पत्नींची कार्यालये दोन दिशांना असली तरी हा पट्टा दोघांनाही पुरतो. त्याची किंमत गर्दीच्या रूपाने मोजावी लागते. कर्जत आणि कसारा या दोन्ही बाजूंच्या गाड्या कल्याणलाच एकत्र येत असल्याने डोंबिवलीकराला सकाळच्या फास्ट गाडीत नुसते शिरणेही कठीण जाते. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तरीही जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले.

वसई–विरारहून अंधेरी, वांद्रे, चर्चगेट एकाच गाडीने गाठता येते, हा मोठाच फायदा आहे. परंतु पावसात नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचले, की महामार्गाखेरीज फारसा पर्याय उरत नाही, आणि नवी मुंबईत नोकरी असेल तर हा विचार सोडूनच द्यावा; वसई–दिवा–पनवेल मार्गावरील मोजक्या गाड्यांच्या भरवशावर रोजची हजेरी लागत नाही.

पनवेल–खारघरला सिडको या नगरनियोजन करणाऱ्या सरकारी महामंडळाच्या आखणीमुळे रस्ते रुंद आहेत. जवाहरलाल नेहरू बंदर, तळोजा आणि बेलापूर येथील रोजगारही जवळ आहे. मुंबईकडे जाणाऱ्या हार्बर लोकलमार्गावर मात्र फास्ट गाडी नाही, त्यामुळे पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या प्रवासाला सुमारे सव्वा तास लागतो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू मोटार बाळगणाऱ्याच्या आणि पथकर परवडणाऱ्याच्या उपयोगाचा. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली खरी, पण त्याभोवती येऊ घातलेल्या नोकऱ्यांचा हिशेब बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकावरून करू नये.

तेव्हा पश्चिम उपनगरात एकाचीच नोकरी असेल तर वसई, दोघांच्या वाटा वेगळ्या असतील तर डोंबिवली, आणि काम आजच नवी मुंबईत असेल तर खारघर. वांद्रे–कुर्ला संकुलापुरते बोलायचे, तर २०२४ मध्ये मेट्रो ३ तेथे पोहोचेपर्यंत तिन्ही पट्ट्यांतील प्रवाशाला कुर्ला किंवा वांद्रे स्थानकाबाहेर बस किंवा शेअर रिक्षासाठी रांगेत उभे राहावेच लागे, आणि आताही लोकलमधून उतरून वाहन बदलावे लागतेच. तेथे नोकरी असणाऱ्याने दर पाहून निवड केली तरी फारसे बिघडत नाही.